बतावणीच्या जुन्या कॅसेट आम्हाला द्या : आवाहन

जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मधला (१९९२) आबुराव आठवत असेल. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी उभा केलेला हा सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, तमाशाच्या फडातून सिनेमात जातो, तिथे मेनका या नटीत गुंततो आणि पुढे राजकारणात ओढला जातो. त्याचे संवाद पु. ल. देशपांडे यांनी लिहिले, म्हणून ते टिकले. खऱ्या सोंगाड्याची बतावणी, म्हणजे तमाशातले विनोदी संवाद, मात्र गण-गौळणीनंतर उभ्या उभ्या सुचते आणि गाव बदलले की बदलते. जत्रेत कुणी टेपरेकॉर्डरवर भरून घेतली असेल, तेवढीच उरते.

अशा कॅसेट घरात असतील तर मंडळाच्या वाचनालयात आणून द्या. त्याआधी कृपा करून ‘चालते का बघू’ म्हणून लावू नका. पावसाळी दमटपणाने टेपवर पांढरी बुरशी धरते. ती यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आतली फेल्टची गादी निखळली असेल तर आवाज दबतो, पण ती बदलता येते. सी-१२० ची (१२० मिनिटांच्या कॅसेटची) टेप फार पातळ असते. भरभर गुंडाळली की ती ताणली जाते, आणि ताणलेली टेप पुन्हा सरळ होत नाही. बाहेर आलेली टेप कापू नका, तशीच पिशवीत घालून आणा. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही भरले जाणार नाही. फड, गाव, साल यांपैकी जे माहीत असेल ते चिठ्ठीवर लिहा. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह चालेल.

प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन नव्याने जुळवावा लागतो. तो जरा चुकला की तुणतुण्याची आणि हलगीची धार सर्वांत आधी जाते. ९० मिनिटांची कॅसेट संगणकात भरायला ९० मिनिटेच लागतात आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या उच्च दर्जावर तिची फाइल सुमारे ३ जीबी होते. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या आहेत.

त्यासाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, चालू स्थितीतला कॅसेट डेक, त्याचे रबरी पट्टे, हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्क्रूने उघडणारी रिकामी कॅसेट-खोकी हवी आहेत. चिकटवलेल्या खोक्यातली टेप अशा खोक्यात घालावी लागते. पैसे दिलेत तरी याच वस्तूंवर खर्च होतील, पावती मिळेल. आवाज ओळखू शकणारे जुने ढोलकीवाले आणि सोंगाडे यांची तर फारच गरज आहे. त्यांना घरून आणायची-सोडायची सोय आम्ही करू.

कॅसेट तुमचीच राहील आणि प्रतीसह परत मिळेल. कलावंताच्या किंवा वारसांच्या परवानगीशिवाय काहीही इंटरनेटवर जाणार नाही.