दोन खांबांची गोष्ट

मुंबई,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय विनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "पोरांना खरंच शिकायचं नाही का रे आता?" आणि मी "बघ ना" म्हणून मोकळा झालो. दादर आलं होतं, उतरायचं होतं. पण ते "बघ ना" तेव्हापासून टोचतंय.

झालं असं. गेल्या महिन्यात आमच्या एका ट्रस्टींनी मीटिंगमध्ये पडद्यावर दोन खांब दाखवले. एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, किती मुलं आली त्याचे: २०२१चा खांब उंच, यंदाचा बुटका. मग सरळ निकाल: मुलांचा पदवीवरचा विश्वास उडालाय, सगळ्यात जास्त जागा आर्ट्सच्या रिकाम्या, तेव्हा मराठी-इतिहासाच्या तुकड्या बंद करू आणि सहा महिन्यांचे स्किल कोर्स काढू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. इतकी वर्षं स्टॅट्स शिकवणाऱ्या माणसाने! वर्गात बाकाखाली मोबाईल बघून रोज डोकं फिरतं रे, मग कोणी "मुलांनाच नकोय" म्हटलं की जरा हलकं वाटतं.

घरी चहा घेताना तो पहिला खांब पुन्हा डोळ्यांपुढे आला. २०२१! अरे, त्या वर्षी बारावीची परीक्षाच झाली नव्हती. दहावी, अकरावी, बारावीचे गुण ३०:३०:४० असे जोडून निकाल लावला, तो ९९.६३ टक्के. आदल्या वर्षी ९०.६६ होता, २०२३ला ९१.२५, यंदा ९१.८८. त्या साली बघावा तो पास, आणि पास झालेला प्रत्येक जण कॉलेजच्या दारात. आम्ही घाईने एक वाढीव तुकडी घेतली, तीही आर्ट्सची, कारण तिला लॅब लागत नाही. ती तुकडी कागदावर अजून आहे, आणि रिकाम्या जागा मोजताना ती धरूनच मोजतात. तुमच्या खेडच्या जगबुडी नदीला पूर आलेल्या दिवशी पाणी मोजायचं आणि मग मे महिन्यात नदी मेली म्हणून बोंबलायचं, त्यातली गत.

बीएमएसचा, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीचा, आकडा तर सपशेल झोपलेला दाखवला. २०२४पासून तो कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली गेला, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आली, ते टाळायला मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी त्याचंच नाव बी. कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. आम्हीही केलं. मुलं तीच, वर्गही तोच, फक्त पाटी बदलली.

पण खरी गोष्ट मला वाटतं लोकलच्या नकाशात आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांवर आली, आणि ठाणे जिल्ह्याची (तेव्हा पालघर त्यातच होता) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. माझ्या पहिल्या बॅचची पोरं परळ-लालबागच्या चाळींतून चालत यायची. त्यांची पोरं आता डोंबिवली, बदलापूर, विरारला. बाप गाडीला लटकून इकडे नोकरीला येतो, पण पोराला कशाला लटकवेल? तिकडे कॉलेजं निघाली आहेत की.

म्हणून ऑफिसातून फॉर्म भरूनही न आलेल्यांचे नंबर घेतले आणि इतिहासाच्या बाई व मी एक शनिवार फोन करण्यात घालवला. तुकडी बंद झाली तर सरप्लस, म्हणजे जादा शिक्षक, ठरायची बाईंना भीती, हे उघडच आहे. मला टाळ्यांचं प्रायश्चित्त. टिटवाळ्याचा एक पोरगा म्हणाला, "सर, कल्याणलाच मिळालं. तुमचं लेक्चर सातला, मी घरातून निघू कधी?" एक मुलगी मॉलमध्ये कामाला लागलीय. तिला वाटलं मी रागावायला फोन केलाय. घाईघाईने सांगायला लागली, "सर, शिक्षण नाही सोडलं, विद्यापीठाच्या दूरस्थला बीए करतेय." म्हणजे पदवी हवीय, पण आमच्या वेळात परवडत नाही. एकाने मात्र सरळ विचारलं, "बीए करून काय मिळणार, सर?" त्याचा भाऊ पदवी घेऊन पार्सलं पोचवतोय. मला उत्तर सुचलं नाही. हा पोरगा ट्रस्टींच्या बाजूचा, हे मान्य करायलाच हवं, आणि असे आणखीही असतील. पण स्किल कोर्स हवा असं त्यानेही म्हटलं नाही.

बाईंना देशाचे आकडे मांडायचे होते: उच्च शिक्षणात २०१४-१५ला ३.४२ कोटी मुलं, २०२१-२२ला ४.३३ कोटी. मी नको म्हटलं. तो आकडाही त्याच पुराच्या सालाशी येऊन थांबतो. ट्रस्टींना ज्यासाठी नावं ठेवतोय, तेच आपण करायचं का?

तर पुढच्या मीटिंगला २०१९पासूनची प्रत्येक वर्षाची संख्या नेतोय, नाव बदललेले कोर्स एकत्र करून, वाढीव तुकडी वगळून. खांब तरीही थोडा उतरताच दिसतोय, तुला खोटं कशाला सांगू. पण अर्ध्यावर आलेला नाही. सकाळचं लेक्चर नऊला नेलं तर काय होतं, ते एक वर्ष बघू या असं म्हणणार आहे. प्राचार्य मान डोलावतील आणि ट्रस्टींकडे बघतील.

गणपतीला खेडला येतोच आहे. तोवर एक काम कर. तुझ्या ज्युनिअर कॉलेजातून यंदा बारावी पास झालेली मुलं कुठे गेली, त्याची यादी काढून ठेव. नंबर असतील तर उत्तम. आरती झाली की ओटीवर बसून फोन लावू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या