अण्णा, कॅन शाबूत आहे

अण्णा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "बरं बरं, ठेवा आता, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून कापता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. मुलगा वाचून दाखवेल, तेव्हा उठून जाऊ नका.

गेल्या मे महिन्यात अक्कलकोट रोडवरच्या तुमच्या गॅरेजच्या शेडमध्ये आलो तेव्हा मी वैतागलेलो होतो. 2016 ची जुनी थार, माझ्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. पुढचे शॉकअप एका दुकानात बदलून घेतले होते, "खास ऑफरोडिंगचे" म्हणून, आणि पाच महिन्यांत त्यांच्या सीलमधून तेल. पण खरं दुखणं मागे बांधलेलं होतं. द्रव नायट्रोजनचा तीन लिटरचा कॅन. गाई-म्हशींना भरवण्यासाठी रेतमात्रांच्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या, कांड्या त्यातून न्यायच्या, उणे 196 अंशांत. या कॅनची आतली टाकी नुसत्या मानेवर लटकलेली असते, भोवती निर्वात पोकळी. हादरे खाऊन मान चिरली की पोकळी गेली, आणि पोकळी गेली की नायट्रोजन बघता बघता उडाला.

तसा एक कॅन मुस्ती गावाच्या अलीकडे गेला. वस्तीवर पोचलो तर बाहेरच्या पत्र्यावर पांढरं हिव धरलेलं. पंढरपुरी म्हैस, ही लांब तलवारीसारखी शिंगं, आणि माज मुका, म्हणजे बाहेरून सहज न कळणारा. मालकाने चार दिवस पाळत ठेवून ओळखलेला. सकाळी माजावर आली म्हणून मी संध्याकाळची वेळ साधून गेलो, आणि माझ्याकडच्या कांड्या मेलेल्या. पुढच्या माजापर्यंत तीन आठवडे. त्या माणसाने एक शब्द न बोलता चहा पाजला.

बाहेरच्यांना आमचे रस्ते सांगून खरे वाटत नाहीत. पावसाळ्यात काळी माती चाकाला लोण्यासारखी चिकटते. मग उसाच्या ट्रॉल्या ओल्या वाटेवर हातभर चाकोऱ्या पाडतात, आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. अशा वाटेने रोज साठ-सत्तर किलोमीटर.

मला वाटलं होतं, तुम्ही अजून महाग शॉकअप सुचवाल. तुम्ही टेप घेतली. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकं मोजली, आकडे खडूने भिंतीवर लिहिले, आणि मग विचारलंत, "डॉक्टर, ह्यो पुढचा बार कुणी पिळला ओ?"

मला बार माहीतच नव्हता. या थारला पुढे स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी लांब सळई, आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. आधीच्या मालकाने गाडी रुबाबदार दिसावी म्हणून बारचे बोल्ट आवळून पुढचा भाग दोन इंच उचललेला. त्यामुळे गाडी नुसती उभी असतानाच शॉकअप ताणलेला. चाक खड्ड्यात उतरलं की दांडा शेवटच्या टोकाला ठोकायचा. तो "ठक" आवाज मी इतके महिने ऐकत होतो आणि स्टीअरिंगला दोष देत होतो! दुकानातल्या कुणी चाकाखाली डोकावलंही नव्हतं, डबा फोडून बसवून दिले होते.

"शॉकअप वजन उचलत नाही ओ. वजन पाटे आन् बार उचलतेत. शॉकअप फकस्त उड्या मोडतंय." हे सांगून तुम्ही माझा जुना मागचा शॉकअप हातात दिलात. दांडा दाबला तर गपकन खाली, आणि तिथेच बसून राहिला. मग नवा दिलात. दाबायला जोर लागला, आणि सोडल्यावर तो सावकाश आपणहून वर आला. आतल्या गॅसमुळे. खडबडीत वाटेवर पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल सारखं पळतं, तापतं, त्यात फेस होतो, आणि फेसाला ताकद नाही. दाबाखालचा नायट्रोजन तो फेस धरू देत नाही. "तुमचा मागचा नायट्रोजन वाचवायला पुढं-मागं नायट्रोजन घातलाव," म्हणालात. तुमचे विनोद एरवी फारसे चांगले नसतात, हा होता.

मी मोनोट्यूबचा, म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपचा, हट्ट धरला होता. तुमचं उत्तर सरळ. तो लवकर थंड होतो, खरं. पण त्याची बाहेरची नळी म्हणजेच सिलिंडर. चाकोरीतला दगड लागून पोचा पडला की पिस्टन अडकला. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेर पोचा पडला तरी आतली नळी बहुधा वाचते. मग रोज मागे किती वजन असतं ते विचारलंत. दीडशे किलोच्या आत म्हटल्यावर जादा पाटा घालू दिला नाहीत. बार मूळ उंचीवर उतरवला, चारही शॉकअप मूळ लांबीचे घेतले, चाक पूर्ण वर जाताना आधी रबरी गुटका टेकतो की नाही ते जॅक लावून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी अलाइनमेंटला पाठवलंत. बिलात बारचा आकडा नव्हता. "बोल्ट ढिले करायचे काय पैसे घ्यायचे?"

पण रविवारची गोष्ट मी विसरणार नाही. दुकान बंद ठेवून तुम्ही माझ्याबरोबर बोरामणीच्या पुढे आलात, मागे बसलात, आणि कॅन मांडीवर घेतलात. चाळीस मिनिटं. वस्तीवर उतरून मी नायट्रोजन मोजायची पट्टी कॅनमध्ये बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली, हिवाची रेघ सकाळी होती तिथेच. तुम्ही रेघ बघितलीच नाहीत. गाडीखाली वाकून पुढच्या शॉकअपला हात लावून किती तापलाय ते बघत होतात.

त्या म्हशीला पुढच्या माजाला भरवली. दोन महिन्यांनी तपासली, गाभण आहे. मालकाने खरवसाचं आमंत्रण आत्ताच दिलंय, दोघांना.

उजव्या मागच्या पाट्याच्या रबरी बुशातून कुरकुर येतेय, पाऊस झाल्यापासून. येत्या रविवारी येतो. डबा माझ्याकडचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तुम्ही फक्त पाना तयार ठेवा.

तुमचा,
जनावरांचा डॉक्टर