चेंडू कोणत्या बाणावरून गेला, हे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

समोर उभे राहून आभार मानू लागले की तुम्ही हात झटकून विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच, की बोलिंग, म्हणजे लेन नावाच्या फळ्यांच्या लांब पट्टीवरून चेंडू घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडण्याचा खेळ, खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला वाईट दिवस येतात आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या बाकावर तुमच्यासारखे कोणी बसलेले नसते.

ज्या संध्याकाळी हे सारे सुरू झाले, ती तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. लीगची साधी फेरी होती. त्या हंगामात माझी सरासरी 165 च्या आसपास होती आणि पहिला गेम मी 112 वर संपवला होता, दहापैकी सात फ्रेम ओपन ठेवून, म्हणजे दोन-दोन चेंडूंच्या सात डावांत दहाही पिना न पाडता. दुसऱ्या गेममध्ये 104 झाले. संघातील सगळे चांगल्या मनाचे होते. कोणी पाठीवर थाप मारत होते, कोणी सकारात्मक राहायला सांगत होते, आणि त्यांच्या प्रत्येक शब्दासरशी मला अधिकच अवघडल्यासारखे होत होते, कारण सकारात्मक राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हेच मला कळत नव्हते. जे सुचले ते मी केले. चेंडू अधिक घट्ट धरला आणि अधिक जोरात टाकला.

तुम्ही सांत्वनाचा एकही शब्द बोलला नाहीत. तुम्ही विचारलेत, “आत्ताचा चेंडू कोणत्या बाणावरून गेला?”

मला सांगता आले नाही. जिच्यामागून चेंडू सोडायचा त्या फाउल लाइनच्या पुढे सुमारे 15 फुटांवर लेनमध्ये जे सात बाण असतात, त्यांतील उजवीकडून दुसऱ्या बाणावरून माझा चेंडू जायला हवा, हे मला पाठ होते. पण त्या दिवशी चेंडू हातातून सुटताक्षणी माझी नजर 60 फुटांवरच्या पिनांकडे धावत होती आणि त्या पडल्या नाहीत एवढेच मला दिसत होते. पुढचा चेंडू मी तुमच्या सांगण्यावरून केवळ बाण पाहण्यासाठी टाकला. तो तिसऱ्या बाणावरून गेला, म्हणजे लेनच्या पाच फळ्या डावीकडे ओढला गेला. गेल्या तासाभरात माझ्या खेळाबद्दल मला समजलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

त्यानंतर तुम्ही माझ्या स्वभावाबद्दल किंवा आत्मविश्वासाबद्दल काही न विचारता माझा अंगठा पाहिलात. तो सुजला होता. चेंडूच्या अंगठ्याच्या छिद्रात मी नेहमीप्रमाणे टेपच्या तीन पट्ट्या लावल्या होत्या आणि खेळता खेळता फुगलेला अंगठा त्यात अडकून उशिरा सुटत होता, त्यामुळे हात शरीरासमोर आडवा येत होता. तुम्ही एक पट्टी काढायला सांगितलेत. मी ज्याला दोन गेम माझे मानसिक दुबळेपण समजत होते, त्यातला निम्मा भाग टेपच्या एका पट्टीचा होता. ताई, हे मी कधीही विसरणार नाही.

वाईट दिवशी आधी अंगठा, मग बुटाचा तळवा ओला झाला आहे का ते, मग लेन, आणि हे सगळे तपासून झाल्यावर सर्वांत शेवटी मन, असा तुमचा क्रम आहे. तो मला आजवर ऐकलेल्या सगळ्या प्रोत्साहनपर बोलण्यांपेक्षा अधिक दयाळू वाटतो. खेळ बिघडला की आपण सरळ स्वतःलाच दोषी धरतो. लेन तर डोळ्यांना दर वेळी सारखीच दिसते, पण तिच्यावरचा तेलाचा थर प्रत्येक चेंडूबरोबर थोडा थोडा पुसला जात असतो, मधल्या भागात तो जाड आणि कडांना पातळ असतो, आणि दोन संघांनी दोन गेम खेळल्यानंतर जो चेंडू आधी पॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या पिनेच्या उजव्या बाजूच्या नेमक्या फटीत, जात होता तो लवकर वळून पुढच्या पिनेच्या डावीकडे जाऊ लागतो. टाकण्यात काहीही चूक नसताना हे घडते. त्या दिवशी टेप काढल्यावर माझा चेंडू दुसऱ्या बाणावरून जाऊ लागला, तरीही पिनांवर डावीकडेच लागत होता, तेव्हा तुम्ही म्हणालात की चेंडू ज्या बाजूला चुकतो त्याच बाजूला पावले सरकवायची. मी दोन फळ्या डावीकडे उभी राहिले. पुढच्या फ्रेममध्ये स्ट्राइक झाला, म्हणजे पहिल्याच चेंडूवर दहाही पिना पडल्या, पण त्याहून मोठा दिलासा मला या गोष्टीचा वाटला की करण्यासारखे काहीतरी होते.

तो तिसरा गेम 160 चा झाला. दोन स्ट्राइक, पाच स्पेअर (उरलेल्या सगळ्या पिना दुसऱ्या चेंडूवर पाडणे), तीन ओपन फ्रेम. घरी जाताना मी स्ट्राइकचे बोलत होते आणि तुम्ही मला थांबवून गुणपत्रिकेवर बोट ठेवलेत. पहिल्या चेंडूवर दर वेळी नऊ पिना पाडून उरलेली एक दर वेळी सोडणाऱ्याचे दहा फ्रेमनंतर 90 गुण होतात. तीच एक पिन दर वेळी पाडणाऱ्याचे, अखेरच्या जादा चेंडूवरही नऊच पडल्या तरी, 190 होतात, आणि त्यात एकही स्ट्राइक नसतो. मी हे गणित शाळकरी मुलीसारखे कागदावर मांडून पाहिले होते. स्पेअरला पुढच्या चेंडूचे गुण मिळतात, हा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता, पण स्ट्राइक न होणाऱ्या दिवशी तोच नियम माझ्या बाजूने उभा असतो, हे तोवर कोणी दाखवले नव्हते. पुढच्या महिन्यात मी स्पेअरसाठी साधा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, जो तेलाला फारशी दाद न देता जवळजवळ सरळ जातो. वाईट दिवशी तोच माझा आधार असतो.

तुमची आणखी एक रीत मी आता मनापासून पाळते. फाउल लाइनवरून वळून परत येताना, चेंडू खालून फिरून रॅकवर येईपर्यंत, जे वाटेल ते वाटू द्यायचे. राग, निराशा, जे असेल ते. चेंडू रॅकवर आला की तो फडक्याने पुसायचा, आणि पुसून झाला की आधीचा चेंडू संपला. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. निराश होऊ नकोस, असे तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही निराशेला वेळ ठरवून दिलात आणि तो संपल्याचे हाताला कळावे म्हणून फडके दिलेत.

व्यावसायिक बोलिंगपटू टॉम डॉहर्टी यांची हकिगत तुम्ही मला बऱ्याच नंतर सांगितलीत, आणि ते योग्यच केलेत, कारण त्या पहिल्या संध्याकाळी ती मला निव्वळ समजूत वाटली असती. 2011 च्या जानेवारीत टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या उपांत्य सामन्यात, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, त्यांचे 100 गुण झाले, आणि समोर मिका कोइवुनिएमी यांनी सलग अकरा स्ट्राइकनंतर अखेरच्या चेंडूवर नऊ पिना पाडून 299 केले. पीबीए या व्यावसायिक बोलिंगपटूंच्या संघटनेच्या दूरचित्रवाणीवरील सामन्यांत इतके कमी गुण तोवर कोणाचेच झाले नव्हते. त्याच डॉहर्टी यांनी 2021 मध्ये पीबीए जागतिक अजिंक्यपद जिंकले. या दोन घटनांमध्ये दहा वर्षे आहेत, यावर तुम्ही भर दिला होता. एका वाईट दिवसानंतर लगेच चांगला दिवस येतो, असे तुम्ही सांगितले नाहीत. मधली दहा वर्षे तो माणूस खेळत राहिला, एवढेच सांगितलेत.

मला खरे तर सर्वाधिक शिकवले ते तुमच्या स्वतःच्या वाईट संध्याकाळीने. गेल्या हंगामातील शेवटून दुसरी फेरी. तुमच्यासारख्या खेळाडूचे 131 झाले आणि आम्ही अकरा पिनांनी हरलो. तुमचा चेहरा उतरला होता आणि तुम्ही तो लपवला नाहीत. दहाव्या फ्रेममध्ये तुमचा चेंडू अगदी पॉकेटमध्ये गेला होता, तरी उजव्या कोपऱ्यातली 10 क्रमांकाची पिन ढिम्म उभी राहिली. तुम्ही तुमच्या खेळाच्या नोंदींच्या वहीत पहिल्या रकान्यात, जिथे चेंडू कसा सुटला ते लिहायचे असते, ‘चांगला’ असे लिहिलेत आणि दुसऱ्या रकान्यात, पडलेल्या पिनांच्या, ‘नऊ’. दोन वेगळे रकाने कशासाठी, हे त्या क्षणी मला पूर्ण उमगले. चांगला टाकलेला चेंडू दर वेळी दहा पिना देत नाही आणि वाईट टाकलेला कधीकधी देऊन जातो. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहिणारा माणूस चांगल्या दिवशी उगाच फुलतो आणि वाईट दिवशी उगाच खचतो. मग तुम्ही स्पेअरचा चेंडू उचललात आणि ती पिन पाडलीत.

माझे सगळे वाईट दिवस संपले, असे लिहिले तर तुम्हाला आवडणार नाही आणि ते खरेही नाही. दोन महिन्यांपूर्वी माझा एक गेम 98 चा झाला. अंगठा, बूट, लेन, सगळे तपासले, पावले दोनदा सरकवली, तरीही 98 च. त्या रात्री मला झोप मात्र लागली, जी पूर्वी लागत नसे, आणि त्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे.

पुढच्या फेरीआधी अर्धा तास लवकर येता आले तर माझ्यासाठी या, ही विनंती. उजव्या कोपऱ्यातली ती पिन गेल्या महिन्यात माझ्यासमोर 21 वेळा उभी राहिली आणि मी ती 13 वेळा पाडली. चुकलेल्या आठ चेंडूंपैकी सहा पिनेजवळ पोहोचण्याआधीच लेनच्या कडेच्या उजव्या गटरमध्ये (खाचेत) गेले. प्रत्येकापुढे बाण लिहिला आहे, दोन ठिकाणी तेवढा राहिला.

आपली कृतज्ञ,
संघात तुमच्या आधी खेळणारी