वाऱ्यात रेस घेताना जरा विचार करा

संपादक साहेब,
मास्टर्स रोइंग, म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांच्या वल्हवण्याच्या शर्यती, वयाच्या २७ व्या वर्षापासून सुरू होतं आणि रेस १००० मीटरची, म्हणून लोकांना वाटतं सोपं असेल, पण आडवा वारा सुटला की कळतं. सिंगल स्कल, म्हणजे एकट्याने वल्हवायची बोट, जेमतेम १४ किलोची, लाटेत वल्ह्याचं पातं अडकलं की माणूस थेट पाण्यात. अशा वेळी पातं उंचावरून परत न्यायचं, स्ट्रोक थोडा छोटा ठेवायचा आणि टायमिंगचा नाद सोडायचा. बरं, आडोशाच्या लेनला आयता फायदा मिळतो त्याचं काय?? आयोजकांनी सिंगल्स सकाळी लवकर उरकाव्यात, आठ जणांच्या बोटी नंतर चालतील, आणि पाणी फारच खवळलं तर सरळ रद्द करा, साठीतल्या माणसांना थंड पाण्यातून काढायला एकच रेस्क्यू बोट पुरत नाही हो.
- एक मास्टर्स रोअर