डबा ओट्यावरच राहिला

नगर, मंगळवार

प्रिय अमित,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

रविवारी तू डबा न घेताच गेलास. दोन बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, सगळं ओट्यावरच राहिलं. पप्पा म्हणाले, पत्र कसलं लिहितेस, फोन कर. पण फोनवर मी परत तेच बोलेन आणि तू नुसतं "हो आई, हो आई" म्हणशील.

शनिवारी रात्री तीनला मी पाणी प्यायला उठले, तर तू अंधारात ओट्याला टेकून उभा. मोबाईलचा उजेड तोंडावर, डोळे खोल गेलेले. तुमच्या कंपनीत माणसं कमी करतायत, घराचा हप्ता आहे, सोनालीला सातवा लागलाय. सगळं ठाऊक असून मी म्हणाले काय, तर "विश्वास कमी पडतोय तुझा." तू काही न बोलता आत गेलास. चुकलं रे माझं. तेव्हापासून ते वाक्य घशात अडकलंय.

आता तरी झोप लागते का?

काल सकाळी बायबलमधल्या पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय उघडला. संडे स्कूलच्या मुलांना मी तो कितीदा शिकवलाय. ज्याच्या प्रार्थनेनं कर्मेल डोंगरावर सगळ्यांदेखत अग्नी उतरला तो संदेष्टा एलीया, ईजबेल राणीचा धमकीचा एक निरोप आला आणि जीव घेऊन पळाला. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागायला लागला. दूत आला, पण विश्वासाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, म्हणाला ऊठ, खा. एलीया जेवला आणि परत झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच, पुढची वाट लांबची आहे म्हणून. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. इतकी वर्षं शिकवून मला हे दिसलं नव्हतं. मी मात्र रात्री तीनला तुला आधी प्रवचन दिलं.

आपल्या घराला खरं तर हे नवीन नाही. तुझी पणजी १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आपल्या केडगावच्या आश्रमात आणलेल्या मुलींमधली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात अन्नावाचून गेलेले. माझे बाबा सांगायचे, त्यांच्या आईला तिथं आधी पेज मिळाली, येशूचं नाव नंतर कळलं.

आणि बाबा स्वतः. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. ते दिवसभर खडी फोडायला जायचे, हाताला फोड यायचे, संध्याकाळी लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी. मिलो घशाखाली उतरायची नाही, आम्ही रडायचो. जेवण झालं की कंदील बारीक करून बाबा तेविसावं स्तोत्र म्हणायचे. "तो मला संथ पाण्यावर नेतो" इथं आले की थांबायचे. गावातली एकूण एक विहीर आटलेली होती. एकदा मी विचारलं, कुठंय पाणी? ते म्हणाले, "पोरी, आता झोप. तो जागा आहे, आपण दोघं कशाला जागायचं?" आणि खरंच घोरायला लागायचे. बाबांना काळजी नव्हती असं नाही. पहाटे चारला उठून ते परत कामावर. पण रात्र त्यांनी त्याच्या हवाली केलेली असायची. तुला मी हेच सांगायला बघत होते, आणि तोंडातून भलतंच गेलं.

तर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवत जा. रात्री चहा नको. उपासना चुकवू नकोस, सोनालीबरोबर बसून दोन ओळी तरी वाच... बघ, सुरू झाले परत. राहू दे. एवढं मात्र ऐक, पंधरा दिवसांत नीट झोप आली नाही तर डॉक्टरांकडे जा. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, असं कुणी म्हणालं तर, अगदी तुझी आई म्हणाली तरी, ऐकू नकोस. एवढी वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्यात मी, न झोपलेल्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते.

पप्पांना परवा विचारलं, इतकं ओझं घेऊनही आपल्या पोरानं कुणाचं वाकडं केलं का? ते म्हणाले, नाही केलं, आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत बसले.

रविवारपासून तीनला मलाही जाग येते. तुझ्याच जागी उभी राहते. मोठी प्रार्थना सुचत नाही, स्तोत्र म्हणते, संथ पाण्यापर्यंत येते आणि तुझं नाव घेते. मग जाऊन पडते. काल लागली झोप.

शनिवारी नाना पुण्याला येतायत, दहापर्यंत शिवाजीनगरला उतरतील. पहाटे ताज्या भाकरी करून देते. खा, आणि लगेच मला फोन करत बसू नकोस. झोप.

तुझी,
आई