बाबा, तुम्ही सईचा हात सोडू नका

पुणे
17 एप्रिल 2025

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी हे पत्र लिहायला बसले. फोनवर बाबा दोन वाक्यांत "आईला देतो" म्हणतात, आणि या वेळी मला जे बोलायचंय ते जास्त करून बाबांशीच आहे.

3 मेला, शनिवारी, सईला घेऊन येतेय. मी रविवारी परतेन, ती महिनाभर राहील. जानेवारीत तिला बारा पूर्ण झाली. मार्चमध्ये वाईहून परत येताना कंडक्टरांनी तिचं वय विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बारा पूर्ण." त्यांनी मशीनमधून एकच तिकीट काढून माझ्या हातात दिलं, त्यावर 'महिला 2'. पैसे तेवढेच. इतके दिवस लहान मुलांचं अर्धं, आता 2023 पासून बायकांना सवलत आहे म्हणून बायकांचं अर्धं. पण सईनं ते तिकीट माझ्याकडून मागून घेतलं आणि किती तरी वेळ बघत राहिली. खंबाटकीच्या बोगद्याशी आल्यावर तिनं विचारलं, "आई, मी महिला?" मी हो म्हटलं, आणि बोगदा संपेपर्यंत मला दुसरं काही बोलता आलं नाही. तिकीट तिनं कंपासपेटीत ठेवलंय. बाबा, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर मिळालेलं फुकट प्रवासाचं पहिलं तिकीट तुम्हीही पाकिटात जपून ठेवलंत, त्याची मला आठवण झाली.

आई, आता तुला बातमी सांगते. या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सईला पाळी सुरू झाली. मी ऑफिसात होते. घरी तुमचे जावई होते, तिनं त्यांनाच सांगितलं. बाथरूमच्या दारातून हाक मारली, "बाबा, आली." आम्ही दोघांनी तिला वर्षभर आधीपासून सगळं समजावून ठेवलं होतं, पण ती माझी वाट बघेल असंच मी धरून चालले होते. ते खालच्या मेडिकलमधून पॅड घेऊन आले. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला, त्याला नको म्हणाले. गरम पाण्याची पिशवी भरून दिली, वरणभात कालवून दिला आणि मग मला फोन केला. आवाज भरून आला होता त्यांचा. संध्याकाळी मी पोचले तर दोघं पत्ते खेळत बसले होते. सागरगोटे ठेवायला तू शिवून दिलेली खणाची पिशवी आहे ना, ती आता तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात असते. सागरगोटे डब्यात गेले, पिशवीत दोन पॅड.

त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदच होता, पण त्याच्या खाली माझं स्वतःचं बारावं वर्ष वर येत राहिलं.

बाबा, तुम्हाला मेणवलीचे रविवार आठवत असतील. सायकलच्या नळीवर मी, मागे कॅरिअरवर दादा, आणि हँडलला लटकवलेले वाळके भोपळे. चंद्रकोरीसारख्या त्या घाटावर तुम्ही माझ्या पाठीला भोपळा बांधायचात आणि पोटाखाली हात धरून मला पाण्यावर आडवी करायचात. हात कधी काढून घेतलात ते मला कळायचंही नाही. नंतर ओल्या कपड्यांनी आपण त्या मोठ्या घंटेखाली उभे राहायचो. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा इकडे आल्या त्यांतली ही एक, हे तुम्ही दर रविवारी नव्यानं सांगायचात. मला वाटायचं ही गोष्ट फक्त माझ्यासाठी आहे.

1995 च्या मे महिन्यात ते थांबलं. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू आता नको." आईनं आतून सांगितलं, "मोठी झालीस गं आता." मी हट्ट धरला म्हणून तुम्ही नेलंत, पण पायरीवर बसवलंत. दादा पाण्यात, आणि माझ्या मांडीवर त्याची चड्डी, बनियन आणि तुमचं घड्याळ. घड्याळाचा पट्टा घामानं ओला होता, तो मी बोटाला गुंडाळत बसले होते. त्यानंतर तुम्ही मला सायकलच्या नळीवरही बसवलं नाहीत. रस्ता ओलांडताना हात धरणं बंद झालं. आपल्यात कधी भांडण झालं नाही. तुम्ही रागावला नाहीत, फी वेळेवर भरलीत, पुण्याला शिकायला पाठवलंत. फक्त चार पावलं मागे झालात, आणि माझं काय चुकलं ते मला किती तरी वर्षं कळलं नाही.

हे दोष द्यायला लिहीत नाही. तुम्हाला तसंच शिकवलं गेलं होतं, मुलगी मोठी झाली की बापानं लांबून बघायचं. आजी सांगायची, तिच्या आईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. आजीच्या वेळेपर्यंत 1929 चा शारदा कायदा आला होता, त्यात मुलीला चौदा लागायची, म्हणून तिची चौदा भरायची वाट बघितली गेली. बारा वर्षांच्या मुलीबरोबर नदीवर पोहणारा बाप त्या घरात कुणी पाहिलाच नव्हता. आणि आई, तू तर चार दिवस माजघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर काढलेस. तरी माझ्या वेळी आजीपुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, ही बसणार नाही. त्या एका वाक्याचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं, आज कळतं. सईच्या बाबतीतही तू तीच आई असशील, याची मला खात्री आहे. देवघराचं काय ते सईला ठरवू दे. तिला तुझ्याबरोबर फुलं वाहायला आवडतं.

आता थोडं कामाचं. तिचं हिमोग्लोबिन 10.6 आलंय. या वयाला निदान 12 हवं, म्हणून लोहाची गोळी चालू आहे. गोळी आणि चहा एका वेळी नको, चहानं लोह अंगी लागत नाही. जेवणावर लिंबू पिळ, त्याचा उपयोग होतो. तुझे अळिवाचे लाडू तर ती आत्तापासून मागतेय. सकाळी उशिरा उठली तर आळशी म्हणू नकोस. या वयात झोपच रात्री उशिरा येते, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. फेब्रुवारीत तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा पहिला डोस दिला, इथं पुण्यातच बनते ती. पंधराच्या आत सुरू केली की दोनच डोस पुरतात, दुसरा ऑगस्टमध्ये. मामीचं दुखणं तू उशाशी बसून पाहिलंस, त्यामुळे हे मी का केलं ते तुला वेगळं सांगायला नको.

ती कधी कधी खोलीचं दार लावून घेईल. तासाभरानं स्वतःच बाहेर येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवेल. दोन्ही तितकंच खरं असतं तिचं. परवा माझ्यावर चिडून "तुला काहीच कळत नाही" म्हणाली आणि रात्री माझ्या पांघरुणात शिरली. पाय माझ्या पायाला लावून झोपली, गार पाय, लहानपणी असायचे तसेच. ते पाय आता माझ्याहून लांब झालेत. मी हललेही नाही, न जाणो जागी होऊन उठून जायची.

बाबा, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. सकाळी फिरायला जाताना तिला बरोबर न्या. व्याख्यानमालेला न्या, शेजारी बसवा, घरी येताना तिला काय वाटलं ते विचारा. मेणवलीला न्या आणि घंटेची गोष्ट पहिल्यापासून सांगा. रस्ता ओलांडताना तिचा हात धरा. तिला नको असेल तेव्हा ती आपण होऊन सोडवून घेईल, मग सोडा. पण तो सोडायचा कधी ते तिला ठरवू द्या. तुम्ही आधी मागे होऊ नका.

साडेसहाच्या गाडीनं निघू. तुमचे जावई स्वारगेटला सोडायला येणार आहेत. सईला पोहण्याच्या तलावात पोहता येतं, पण भोपळा बांधून पोहणं तिनं फक्त माझ्या तोंडून ऐकलंय. पाणी कसं आहे ते बघून तुम्हीच ठरवा, नाही तर पाय सोडून बसा नुसते. मी पण शनिवारी संध्याकाळी येईन तुमच्याबरोबर, दोघींना न्या.

माळ्यावर ते भोपळे अजून आहेत का, तेवढं बघून ठेवाल?

तुमची,
ताई

ता. क. आई, अळीव इथून आणतेय. नारळ तेवढे तिथं घेऊन ठेव.