कॅटपंडचा ओढा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या या शेटलँड बेटांवर पोचताच सविस्तर लिहीन असे तुला कबूल करून दोन आठवडे लोटले. आज वाऱ्यामुळे घराचे दारही उघडवत नाही, तेव्हा पत्र टाळायला निमित्त उरलेले नाही. बेटांचे सगळे वर्णन पुन्हा कधीतरी. आज फक्त कॅटपंडच्या ओढ्याविषयी.

हा ओढा मुख्य बेटाच्या दक्षिण भागात, कनिंग्सबरा वस्तीजवळ टेकडीवरून उतरतो. प्रथमदर्शनी तिथे पाहण्यासारखे काही नाही. खुरटे रान, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, काळी ओली माती आणि अर्थातच मेंढ्या. पण ओढ्याच्या पात्रात राखट हिरवा खडक उघडा पडला आहे आणि त्यावर जागोजागी गोल, चौकोनी खळगे आहेत. हा सोपस्टोन, म्हणजे ज्यात शंखजिरे भरपूर असते तो दगड. हाताला साबणासारखा बुळबुळीत लागतो, लोखंडी छिन्नीने सहज कोरला जातो आणि चुलीवर न तडकता उष्णता धरून ठेवतो. कांस्ययुगातही शेटलँडचे लोक याची भांडी करत. पण नॉर्वेहून येऊन इथे वसलेल्या नॉर्स लोकांनी खाणकाम फार वाढवले. त्यांना हा दगड मायदेशीच परिचित होता. या दगडासाठीचा त्यांचा 'क्लेबर' हा शब्द उत्तरेला फेथलँडच्या किनाऱ्यावर, जिथे अशीच दुसरी खाण आहे, त्या घळीच्या 'क्लेबर गिओ' या नावात अजून टिकून आहे.

भांडे घडवण्याची रीत मला विशेष आवडली. दगड फोडून घरी नेण्याऐवजी ते भांडे खडकातच, पालथे घडवत. भोवती चर खणायचा, वर आलेल्या उंचवट्याला बाहेरून आकार द्यायचा, मग बुडख्याशी छिन्नी चालवत तो खडकापासून सोडवायचा. आतली पोकळी त्यानंतर. ओढ्याकाठी असा एक चौकोनी उंचवटा तीन बाजूंनी नीट उतरवलेला आहे. चौथ्या बाजूला मात्र एक तिरपी चीर गेली आहे आणि घाव तिथेच थांबले आहेत. त्या कारागिराने काय शिवी हासडली असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसलो.

खाणीत अशी फसलेली कामेच राहतात, साधलेली निघून जातात. बेटाच्या दक्षिण टोकाला सुंबर्गजवळच्या यार्ल्सहॉफ येथील नॉर्स घरांच्या उत्खननात सोपस्टोनच्या वस्तू विपुल निघाल्या. भांडे तडकले तर भोके पाडून लोखंडाने सांधत. अगदीच कामातून गेले तर त्या तुकड्यांची मासेमारीच्या दोरीची किंवा मागाची वजने आणि चात्यांच्या चकत्या करत. ऑर्कनी आणि फेरो बेटांवर हा दगड मुळात नाहीच, तरी तिथल्या जुन्या वस्त्यांतही ही भांडी सापडतात. म्हणजे समुद्रापार नेण्याइतकी त्यांना किंमत होती.

निघताना मी एक कपची उचलली होती. बोटांना पिठासारखी पांढरट भुकटी लागली. पण त्या जागी कोणती कपची निसर्गाची आणि कोणती छिन्नीची, हे माझ्यासारख्याला ओळखता येत नाही, म्हणून होती तिथेच परत ठेवली. तेव्हा तू मागितलेला दगड येणार नाही, रागावू नकोस. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर